‘ॲलर्जी? नाही!’ म्हणण्याआधी

अपेंडिक्स, फुटबॉलमध्ये गेलेलं लिगामेंट... आपल्या वयातही ऑपरेशनची वेळ येतेच. राजावाडी असो, कूपर असो की नाक्यावरचं नर्सिंग होम, भूलतज्ज्ञ विचारतात, ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी?’ आपण मोबाइलमधून मान वर न काढता ‘नाही’ म्हणतो. मग आईच सांगते, ‘अहो डॉक्टर, दहावीत एका गोळीनं अंगभर पित्त उठलं होतं की!’ कुठली गोळी? आठवत नाही.

ॲलर्जी फक्त कातडीवर थांबत नाही. शरीरातल्या मास्ट पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात, त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि तरण्याताठ्यालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. कुनिस आणि झावरास यांनी १९९१ मध्ये हे मांडलं, म्हणून नाव ‘कुनिस सिंड्रोम’. त्यात भूल दिलेला माणूस ‘खाज येतेय’ म्हणणार कसा? चट्टे हिरव्या चादरीखाली. एकदम बीपीच कोसळतं.

ब्रिटनमधल्या २०१८ च्या पाहणीत भुलेदरम्यान अशी तीव्र ॲलर्जी दहा हजारांत साधारण एकाला आढळली. म्हणजे घाबरून ऑपरेशन टाळायचं कारण नाही. पण कारणांत पहिला नंबर अँटिबायोटिक्सचा! तीच, जी आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतो. पट्टीतून चार गोळ्या कापून मिळतात, नाव कात्रीत जातं.

म्हणून पुरळ उठली की पट्टीचा फोटो काढा, ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून ठेवा, केस पेपरवर ठळक नोंदवून घ्या. रिॲक्शन १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री नंबरवर पेशंटलाही कळवता येते.