कांठावरचीं माणसें

गेल्या माघांत आमच्या थोरल्या बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन डोंबिवलीच्या घरीं पार पडलें. आमचा ठाण्याचा पुतण्या आणि कल्याणचा भाचा, दोघेहि छायाचित्रणाचे शौकीन. पुतण्यास त्या दिवशीं कामावरून रजा मिळाली नाहीं; म्हणून आपलें पन्नास मिलिमीटरचें उत्तम भिंग त्यानें आदल्या रात्रीं भाच्याच्या हवालीं केलें. "आमच्या दिवाणखान्यांत सत्यनारायणाला ह्याच भिंगानें सहाजणांची रांग बसली होती, तुझीहि बसेल," असा भरंवसाहि दिला.

प्रत्यक्षांत चार माणसें बसलीं. भाचा मागें सरकत भिंतीस टेकला, तरी रांगेचीं दोन्ही टोकें चौकटीबाहेरच राहिलीं. अखेर एका टोकाची त्याची आई, म्हणजे आमच्या भगिनी अक्का, आणि दुसऱ्या टोकाची आमची धाकटी सून, ह्या आपण होऊन बाजूस झाल्या. "आमचं नंतर काढ रे, चहाचं बघायचं आहे," असें म्हणून दोघी स्वयंपाकघरांत गेल्या. तें 'नंतर' आलेंच नाहीं. वैशाखांत अक्का गेल्या.

त्यानंतर दोघां भावांत जें वितुष्ट आलें तें सांगावयास नको. भाचा म्हणे, पुतण्यानें खोटा भरंवसा दिला. पुतण्या म्हणे, भाच्यास कॅमेरा धरतां येत नाहीं. भाच्यानें तर आपला कॅमेरा विकून, कर्ज काढून मोठ्या सेन्सरचा घेण्याचें ठरविलें. तेव्हां एका रविवारीं दोघांस समोर बसवून आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. चाळीस वर्षें मुलांना समरूप त्रिकोण शिकविले, ते आतां घरांत उपयोगीं पडले.

पुतण्याच्या कॅमेऱ्यांतील सेन्सर ३६ मि.मी. रुंद व २४ मि.मी. उंच आहे. हें माप जुन्या फितीवरून आलें. फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' ज्या ३५ मि.मी. फितीवर उतरला, तसल्याच फितीवर जर्मनीच्या ऑस्कर बार्नाक ह्यांनीं सिनेमाची चौकट दुप्पट करून लहानसा कॅमेरा घडविला. तो 'लायका' १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला. बहुतेकांच्या हातून फीत गेली, पण माप राहिलें. भाच्याचा सेन्सर मात्र सुमारें २३.५ बाय १५.६ मि.मी. आहे.

आतां हिशेब पाहा. सेन्सरच्या रुंदीस भिंगाच्या नाभ्यंतरानें भागावें आणि माणसांच्या अंतरानें गुणावें, म्हणजे किती रुंद दृश्य मावेल तें कळतें. चार मीटरांवरून पन्नासाच्या भिंगानें मोठ्या सेन्सरवर २.८८ मीटर मावतात. लहान सेन्सरवर १.८८. माणशीं एक हात, म्हणजे सुमारें ४५ सेंटिमीटर जागा धरली, तर पहिल्यांत सहा माणसें बसतात, दुसऱ्यांत चार. पुतण्या खोटें बोलला नव्हता आणि भाचाहि चुकला नव्हता. दोघेहि एकच आंकडा उच्चारीत होते, परंतु त्याचा अर्थ प्रत्येकाच्या घरीं निराळा होता.

वेदान्तांत घटाकाश व मठाकाश असा दृष्टान्त आहे. आकाश एकच, घटांत तें घटाएवढें भासतें, मठांत मठाएवढें. भिंगाचेंहि तसेंच आहे. तें आपली प्रतिमा एकाच आकाराची पाडतें. सेन्सर तिचा जेवढा भाग उचलील तेवढें चित्र. म्हणून 'लहान कॅमेऱ्यावर पन्नासाचें पंचाहत्तर होतें' हें बोलणें सोयीचें असलें तरी अक्षरशः खरें नव्हे. भिंग पन्नासाचेंच राहतें, दृष्टीचा कोन मात्र पंचाहत्तरासारखा अरुंद होतो.

ह्याचा लाभहि आहे. ठाण्याची खाडी २०१५ सालीं रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य झाली व २०२२ सालीं रामसर यादींत गेली. तेथें शंभर मीटरांवर सव्वा मीटर उंचीचा रोहित उभा आहे असें धरा. तीनशेंच्या भिंगानें त्याची प्रतिमा दोन्ही कॅमेऱ्यांत पावणेचार मि.मी.च पडेल, पण मोठ्या चौकटीच्या उंचीचा ती सहावा भाग व्यापील, लहान चौकटीचा जवळजवळ चौथा. १७.३ बाय १३ मि.मी.च्या आणखी लहान सेन्सरवर ती ह्याहूनहि मोठी दिसेल.

उजेडाची शंका पुतण्यानें काढली. पावसांत सरळ कांठाचें पातेलें आणि सरळ कांठाचा पेला अंगणांत ठेवा. दोहोंत पाण्याची उंची सारखीच चढते, पण एकूण पाणी पातेल्यांत अधिक. छिद्राचा आंकडा सारखा असतां दोन्ही सेन्सरांवर उजेडाची तीव्रता सारखीच पडते, म्हणून छायाचित्र सारखेंच उजळ येतें. मोठ्यावर एकूण प्रकाश सव्वादोन पटींहून अधिक सांठतो, म्हणून समईच्या मंद उजेडांतलें त्याचें चित्र अधिक स्वच्छ दिसतें. पाठीमागचें धूसर होणेंहि तेथें अधिक. लहान सेन्सरवर ३३ च्या भिंगाचें १.८ हें मोठ्यावरील ५० च्या सुमारें २.७ सारखें दिसतें.

मग भाच्यास हवें होतें काय? नवा कॅमेरा नव्हे, तर ३५ चें भिंग. त्यानें २.६९ मीटर मावले असते. खांद्याला खांदा लावून सहाहि माणसें बसलीं असतीं. कर्जाचा विचार तेथेंच सुटला. भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, गणित मला येत नव्हतं, पण आईला बाजूला होताना मी पाहिलं होतं." त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आमच्या वाचकांच्या घरींहि कार्यें होतील, रांगा उभ्या राहतील. भिंग कोणतेंहि असो, आधीं कांठावर कोण उभें आहे तें पाहावें. तीं माणसें बहुधा तींच असतात. पहांटेपासून चुलीपाशीं उभीं असलेलीं, आणि 'आमचं नंतर' म्हणणारीं. परवां आमच्या नातीच्या वाढदिवशीं भाचा नवें भिंग घेऊन आला. त्यानें प्रथम धाकट्या सूनबाईंस स्वयंपाकघरांतून बोलावून मधोमध उभें केलें, आणि मगच बाकीच्यांस हांक मारली.