नदीकडे पाठ केलेली पेठ

आमच्या पांढुर्ण्यास बंदर नाही, आणि जाम नदीत कधी गलबत येईल अशी आशाही कोणी बाळगलेली नाही. आमची बाजारपेठ उभी आहे ती रेल्वेच्या आणि नागपूर-बैतूल मार्गाच्या आधारावर. तरीही कोकणातील चिपळूणच्या पेठेविषयी येथे चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. कारण त्या पेठेने जे भोगले त्यात नदीकाठी वसलेल्या प्रत्येक गावाचा थोडाबहुत वाटा आहे.

चिपळूण समुद्रावर नाही. दाभोळच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर वाशिष्ठी नदीने आत यावे, तेव्हा गोवळकोटचा धक्का लागतो. मुंबईचा माल या वाटेने येई आणि कुंभार्ली घाटाने बैलांच्या पाठीवरून कऱ्हाडकडे चढे; घाटावरचा माल त्याच वाटेने उतरून पडावांत भरला जाई. पेठेचे पोट नदीवर होते. नदीत पाणी किती, गाळ कोठे साचला, भरती केव्हा, हे ज्ञान नावाड्याला जितके आवश्यक, तितकेच दुकानदारालाही होते.

पुढे मोटारी आल्या, महामार्ग झाला, 1998 साली कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावू लागली. गोवळकोटचे महत्त्व ओसरले. ही प्रगतीच होय. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु माल नदीने येईनासा झाला तशी पेठेची दृष्टीही नदीवरून उडाली. पात्र उथळ होत गेले, काठावर बांधकामे आली. शिवाय कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून वाशिष्ठीस मिळू लागले, म्हणजे सह्याद्रीपलीकडच्या नदीचा भारही हिच्याच अंगावर पडला.

26 जुलै 2005 रोजी पेठ बुडाली. 22 जुलै 2021 रोजी तर पाणी कित्येक घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले. या दुसऱ्या पुरात धरणातून सोडलेल्या पाण्याचा दोष किती, यावर पुष्कळ वाद झाला. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आल्यावर कोणतीही पेठ बुडेल, असेही म्हणतात. आम्हांस ते सर्वस्वी खोटे वाटत नाही. मात्र गाळाने भरलेल्या पात्रात पाणी मावणार कोठे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

चिपळूणकरांची जिद्द मात्र नमस्कार करण्यासारखी आहे. 1864 साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा 2005 च्या पुरात भिजून गेली. त्याच संस्थेने पुन्हा उभे राहून जानेवारी 2013 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरविले. (आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या मुलांना याचे मोल विशेष वाटते.) 2021 मध्ये त्याच ग्रंथालयात पुन्हा पाणी शिरले. पुस्तके दुसऱ्यांदा वाळत घालावी लागली. दुकाने धुऊन, चिखल उपसून पेठ पुन्हा उघडली, त्याला लोकांनी पुनरुज्जीवन म्हटले. आमच्या मते खरे पुनरुज्जीवन त्यानंतर सुरू झाले. गाळ काढावा म्हणून नागरिकांनी साखळी उपोषण केले आणि वाशिष्ठी व शिव या नद्यांच्या पात्रांत गाळ उपसण्याची यंत्रे उतरली, तेव्हा. पेठेने पुष्कळ वर्षांनी नदीकडे तोंड केले.

आता आमच्याकडे पाहू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या वेळी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जामच्या पात्राकडे हजारो डोळे लागतात. एरवी त्या पात्रात काय टाकले जाते, ते किती अरुंद झाले, याकडे कोणाचे लक्ष असते? सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंतच्या शाळांनी आपापल्या गावच्या नदीनाल्याची दर उन्हाळ्यात एका ठरावीक जागी रुंदी व खोली मोजून वहीत लिहून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. दोरी, काठी आणि भूगोलाचे दोन तास एवढेच साहित्य लागते. येत्या मे महिन्यात पुलाजवळचे पहिले माप घेण्याची आमच्या वर्गाची तयारी आहे.