खांड कोणी पाडली?

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झाले. उमेदवार नव्हता, निशाणी नव्हती. महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पेण, उरण आणि पनवेलमधल्या ४५ गावांवर भूसंपादनाचे सावट होते. समोर देशातला बलाढ्य उद्योगसमूह, पाठीशी एन. डी. पाटलांसारखा कशालाही न विकला जाणारा नेता. अशा वेळी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातला शेतकरी रांगेत उभा राहिला आणि आपले मत देऊन आला. सेझसाठी ज्याची जमीन जायची त्याला सरकारने असे विचारावे, हे या देशात त्याआधी घडले नव्हते.

त्या मतदानाचा निकाल सरकारने कधीच अधिकृतपणे जाहीर केला नाही. पुढे प्रकल्प बारगळला, जमीन वाचली आणि आपण जिंकलो असे म्हणून घरी गेलो. आपण दिलेला कौल कपाटात कुलूपबंद होतो आणि त्याचा जाब विचारायला आपण तहसील कचेरीची पायरीही चढत नाही, याची लाज आपल्याला वाटली नाही. आपल्याला जमीन हवी होती, निर्णयाचा हक्क नको होता. पण निर्णय ज्याच्या हातात नाही त्याच्या हातात जमीनही फार दिवस टिकत नाही. सेझ गेला, एजंट आला. जी जमीन गावाने एकजुटीने कंपनीला नाकारली, ती भावाभावांनी एकमेकांच्या चोरून गुंठ्याच्या भावाने विकली. इसार घेतला, गाडी आली, घरावर मजला चढला, लग्नात दोन बँड वाजले. विकणाऱ्याचा मुलगा आज त्याच जमिनीवरच्या फार्महाऊसच्या फाटकाशी राखणदार म्हणून उभा राहतो आणि आत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितो.

त्या दिवशीच्या मतदानाबद्दल एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. मत होते ते सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. त्या शेतात गुडघाभर चिखलात वाकून आवण लावणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. खाडीत जाळे टाकणाऱ्याचे, मिठागरावर राबणाऱ्याचे, डोंगराच्या पायथ्याच्या कातकऱ्याचेही नव्हते. जमीन गेली असती तर सगळ्यांत आधी उपाशी हीच माणसे राहिली असती, कारण नुकसानभरपाईचा चेक त्यांच्या नावाने निघणार नव्हता. लोकशाहीच्या त्या मोठ्या दिवशीसुद्धा आपण निम्म्या गावाला दाराबाहेर ठेवले आणि हे कोणाला खटकले नाही. मालक तोच माणूस, बाकीचे फक्त हात, ही खोतीच्या काळातली नजर आपल्या डोळ्यांतून अजून गेलेली नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून संप केला, जमिनी ओसाड ठेवल्या, वर्षानुवर्षे हाल सोसले आणि खोतीला हादरा दिला. त्यांचे पुतळे, त्यांची स्मृतिस्थळे आपण राखतो. त्यांचा न्याय मात्र आपण आपल्या वाड्यावस्तीत शिरू देत नाही.

खाडीकाठच्या खारेपाटाचा बांध एकदा जवळून पाहावा. एका बाजूला उधाणाचे खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भाताचे रोप, आणि मध्ये फक्त चिखल-मातीचा उंचवटा. बांधात उघाडी असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप मिटते आणि ओहोटी लागली की शेतातल्या पावसाच्या पाण्याने आपोआप उघडते. खेकड्याने बीळ केले, झडप कुजली, मोठे उधाण आले की बांधाला खांड जाते आणि एका रात्रीत अख्खा पट्टा खारट होतो. मग ते मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात, तेही खांड वेळेत बुजवली तर. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात ‘जोळ’ होती. ज्याची शेती बांधाच्या आत त्याचा माणूस बांधावर, मग त्याचे शेत खांडीपासून कितीही लांब असो. रात्री आरोळी आली की कंदील घेऊन माणसे धावत. समुद्राशी एकट्याने लढता येत नाही, हे एक अक्षरही वाचता न येणाऱ्या माणसांना कळत होते.

१९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा झाला. बांध खात्याच्या ताब्यात गेले. सरकारने जबाबदारी घ्यावी हे योग्यच होते, कारण सगळा भार गरीब शेतकऱ्याच्या पाठीवर टाकणे अन्यायाचे होते. पण आपण जबाबदारीबरोबर आपले गावपणही खात्याला देऊन टाकले. आता खांड गेली की अर्ज जातो, अर्जाचे अंदाजपत्रक होते, अंदाजपत्रकाची निविदा होते आणि तोवर दुसरा पावसाळा येतो. बुडालेल्या शेतात कांदळवन उगवते. एकदा ते वाढले की कायद्याने ते तोडता येत नाही. कांदळवन राखलेच पाहिजे, त्याच्याशिवाय किनारा आणि मासळी दोन्ही उरणार नाहीत. पण ज्याच्या भातशेतीत ते सरकारी ढिलाईने वाढले, त्याला कोण विचारतो? पर्यावरण राखण्याचे श्रेय शहराला आणि त्याचा दंड शेतकऱ्याला, असा हिशेब मांडून कोणताही समाज टिकत नाही. कांदळवन राखणाऱ्या गावाला त्याचा वार्षिक मोबदला मिळालाच पाहिजे आणि जो बांध अजून उभा आहे तो राखायला रोजगार हमीची मजुरी ग्रामसभेच्या हाती आली पाहिजे. पैसा सरकारचा, राखण गावाची. जोळ परत आणायची तर ती अशीच येईल.

आणि पाणी? भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आपल्या तालुक्यात उभे राहिले. त्याचे पाणी नवी मुंबईच्या घराघरांत पोचले, आणि पेणच्याच वाशी, वढाव भागातल्या खारेपाटातली बाई एप्रिल-मेमध्ये हंडे मांडून टँकरची वाट पाहते. शहराला पाणी देऊ नका असे कोणी म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी देणे हा आपला धर्म आहे. पण ज्याच्या उशाशी धरण त्याच्या घशाला कोरड, ही व्यवस्था आपण निमूटपणे चालवून घेतली. प्रत्येक निवडणुकीत याच पाण्याच्या नावाने मत मागितले गेले आणि आपण ते जातीकडे, भावकीकडे, रात्रीच्या पाकिटाकडे पाहून दिले. दोष पुढाऱ्याचा आहेच. पाकीट घेणारा हात मात्र आपला होता.

दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. ठेकेदाराची उचल आधीच अंगावर असते, तिच्यापायी नवरा-बायको-पोरे सगळी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. पोरांच्या शाळेच्या हजेरीपटावर नाव राहते, पोर विटा उलट्या करत असते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. इंग्रजी अमलापासून डोंगरातल्या दळी जमिनी कसणाऱ्या या माणसांना २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क दिला. तोही उल्का महाजनांच्या सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना वर्षानुवर्षे झगडल्या तेव्हा काहींच्या पदरात पडला. आपल्या बंगल्याची वीट ज्या हातांनी थापली त्यांच्या पायाखाली स्वतःची गुंठाभर जमीन नाही, आणि आपण वास्तुशांतीला ब्राह्मणभोजन घालतो. कातकऱ्याला दारू पितो म्हणून नावे ठेवणाऱ्याने उचलीचा हिशेब एकदा ठेकेदाराच्या वहीत वाचावा.

एकत्र येऊन पैसा उभा करण्याचा सहकाराचा मार्ग आपल्याकडे होता. पेण अर्बन बँकेवर २०१० साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा सुमारे दोन लाख ठेवीदारांचे जवळजवळ ६०० कोटी रुपये अडकले. त्यांत मूर्तिकार होते, पापड लाटणाऱ्या बाया होत्या, निवृत्त शिक्षक होते. कित्येक जण पैशाची वाट पाहत मेले. बनावट कर्जखाती कोणी केली ते तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे. पण आपल्याकडच्या कोणत्याही सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल न वाचता ‘मंजूर, मंजूर’ ओरडणारे सभासद आपणच असतो. हिशेब विचारणाऱ्याला खाली बसवणारेही आपणच. जिथे हिशेब विचारणे हा उद्धटपणा ठरतो तिथे सहकार ही चोरांची सोय होते.

रोह्याकडे वळावे तर कुंडलिका नदी. मुळशीच्या धरणासाठी मावळातली गावे बुडाली, सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभारला, आणि तेच पाणी भिऱ्याला वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते. इतक्या लोकांच्या घरादाराची किंमत देऊन आलेल्या पाण्याचे पुढे आपण काय केले? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते आणि त्यांत कुंडलिकेचा आरे खुर्द ते साळाव हा पट्टा होता. धाटावच्या कारखान्यांनी हाताला काम दिले हे खरे. काम हवे तर नदी मरू द्या, ही निवड मात्र मजुरापुढे कोणी ठेवली? सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च नफ्यातून वजा करायचा नाही आणि खाडीतल्या कोळ्याच्या ताटातून वजा करायचा, हे अर्थशास्त्र मुळातच चोरीचे आहे. जे. सी. कुमारप्पांनी १९४५ साली ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिले तेव्हा टिकणारी अर्थव्यवस्था आणि ओरबाडणारी अर्थव्यवस्था यांतला फरक त्यांनी सांगून ठेवला होता. आपण तो अभ्यासक्रमातही ठेवला नाही.

विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९५१ पासून ते देशभर पायी फिरले आणि ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान मिळवली. त्यातली कितीतरी जमीन नापीक निघाली, कितीतरी कागदावरच राहिली. भूदानाची ही मर्यादा लपवण्यात अर्थ नाही, केवळ मन वळवून मालकी सुटत नाही. म्हणून जमिनीची मालकी गावाच्या नावे करणाऱ्या ग्रामदानाचा कायदा हवा होता आणि तो महाराष्ट्राने १९६४ साली केला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, बांबू स्वतः विकला आणि २०१३ साली ग्रामदानाचा ठराव केला. तिथे गोंडांच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बैठक चालते. विनोबांच्या तालुक्यातला शिकलेला माणूस मात्र ग्रामसभेला जात नाही, कारण तिथे ‘राजकारण’ असते.

आता तिसरी मुंबई येते आहे. मार्च २०२४ मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेणमधली १२४ गावे, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, नव्या नगराच्या क्षेत्रात घेतली. अटल सेतूने अंतर कमी केले तसा जमिनीचा भाव चढला. या वेळी मतदान झाले नाही, हरकती-सूचनांचा अर्ज आला. अर्ज एकेकट्याने भरायचा असतो, आणि एकेकटा माणूस भाव वाढवून मागतो, हक्क मागत नाही.

म्हणून येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस लागण्याआधीच सरपंचाच्या हातात विषय लिहून द्या. गावाबाहेरच्याला जमीन विकण्याआधी ती ग्रामसभेपुढे मांडावी. भाडेपट्टा शक्य असेल तिथे विक्री करू नये. हेटवण्याच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा ते ठरावात लिहावे, बांधाच्या कामाचे अंदाजपत्रक फलकावर लावावे, २००८ च्या मतदानाचा निकाल जिल्हाधिकाऱ्यांकडून मागवावा. आदल्या दिवशीची महिला ग्रामसभा सह्यांपुरती उरकू नका. ती भरू द्या आणि तिने केलेला ठराव दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा वाचून दाखवा. वाडीवरचे कातकरी भट्टीवर जाण्याआधीच ही सभा होते आहे. त्यांना बोलावणे धाडा, आणि ते आले की मागच्या भिंतीशी उभे ठेवू नका.