गॉडर्ड घाटात हरला, तरी अंधेरी गेलीच

मंडळी, इंग्रज सेनापतींबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचे फॉरवर्ड फिरतात. एकात गोरा साहेब म्हणजे मॅनेजमेंट गुरू : शिस्त, प्लॅनिंग, लीडरशिप वगैरे. दुसऱ्यात आपण प्रत्येक लढाई जिंकलेलोच होतो, फक्त फितुरीने घात केला. दोन्ही वाचून मला सारखाच वैताग येतो. दोन्हींवर उतारा म्हणून एक नाव सुचवतो : जनरल थॉमस गॉडर्ड.

नाव ऐकलेलं नसेल तर तुमचा दोष नाही. आधी थोडा भूगोल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हे सगळं साष्टी बेट. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ते पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं. पुढे नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात गोंधळ माजला होता, तेवढ्यात डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मारला आणि बेट घशात घातलं. म्हणजे आज ज्या जमिनीवरच्या वन बीएचकेसाठी आपण वीस वर्षं हप्ते फेडतो, ती हीच.

आता गॉडर्ड. हा कंपनीच्या बंगालकडच्या फौजेतला कर्नल. १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने मुंबईच्या मदतीला काल्पीहून फौज पाठवली. तिचा प्रमुख लेस्ली वाटेतच वारला आणि सूत्रं गॉडर्डकडे आली. बुंदेलखंड, नर्मदा, बुऱ्हाणपूर असा मध्य हिंदुस्थान आडवा कापत तो फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेला पोचला. माणूस दमाचा होता, हे मान्यच करायला हवं.

पण खरी गंमत त्याच्या वाटेत घडली. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची फौज वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. करार झाला : १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, म्हणजे साष्टीसुद्धा, आणि बंगालची फौज माघारी. कबूल कोणी केलं? मुंबईच्या कमिटीने. बोलणी करायला आलेला फार्मर तर सांगत होता की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय असा तह करायचा आम्हाला अधिकारच नाही. तरी आपण कागद करून घेतला, फार्मर आणि स्टुअर्ट हे दोघे ओलीस ठेवले, आणि कोंडलेली अख्खी फौज सोडून दिली!

गॉडर्डला मागे फिरायचं पत्र गेलं. त्याचं उत्तर साधं होतं : मी कलकत्त्याचा नोकर, मुंबईचा हुकूम मला लागू नाही. कलकत्त्यानेही करार झटकून टाकला. साष्टी काही परत आली नाही. उलट मार्च १७८० मध्ये महादजी शिंद्यांनी ते दोन्ही ओलीससुद्धा सोडून दिले.

सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात की क्लायंटच्या ज्युनिअरचा 'ओके' म्हणजे साइन-ऑफ नव्हे. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याची मंजुरी येईपर्यंत आपल्या हातातली गोष्ट सोडायची नाही. वडगावला हातात अख्खी फौज होती.

पुढे गॉडर्डने फेब्रुवारी १७८० मध्ये अहमदाबाद घेतलं, डिसेंबरात वसई घेतली, आणि फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत आला. त्याला वाटलं पुणं आता नमेल. नाना फडणीस नमले नाहीत. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याची रसद तोडली. एप्रिलमध्ये तो घाट उतरून पनवेलकडे पळाला, त्यात त्याची चारशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. लीडरशिपवाल्यांनी हे जरूर वाचावं. १७८३ मध्ये मायदेशी परतताना, इंग्लंडला पोचता पोचता तो वारला.

आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात काय ठरलं? वसई परत, साष्टी इंग्रजांकडे. सुरतेचा तह १७७५, पुरंदरचा १७७६, सालबाईचा १७८२ : तिन्हींत साष्टी इंग्रजांचीच. ती परत देणारा एकच कागद होता, वडगावचा, आणि त्यावरची सही बिनकामाची.

तुम्ही म्हणाल, महादजींचा नाइलाज होता, ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेर गेलं होतं, वसई सोडवली हेही थोडं नाही. बरोबर आहे. १७८२ मध्ये कदाचित याहून जास्त मिळालंही नसतं. म्हणून तर मी बोट १७८१ वर किंवा १७८२ वर ठेवत नाही, १७७९ वर ठेवतोय. तेव्हा नाइलाज इंग्रजांचा होता. यात फितुरी कुठे आहे? समोरचा माणूस तोंडाने सांगत होता की मला अधिकार नाही, आणि आपण विजयाच्या भरात ते ऐकून सोडून दिलं.

फितुरीची गोष्ट आपल्याला आवडते कारण तिच्यात दोष दुसऱ्याचा असतो. वडगावच्या विजयाचा अभिमान मलाही आहे, जरूर असावा. पण मुलांना तो सांगताना पुढचं पानही सांगा. आणि बिल्डरच्या एजंटने तोंडी कबूल केलेल्या पार्किंगवर खूश होऊन चेक फाडणाऱ्या माझ्या अंधेरी-मुलुंडच्या मित्रांनो, तुम्ही तर ते पान आधी वाचा. ज्या जमिनीवर उभे आहात, ती अशीच गेली होती.