डबल बेलची घाई



आज आपण आधी महाडच्या एसटी स्टँडवर जाऊ आणि मग कॉम्प्युटरकडे वळू. समजा, मामा मुंबईहून गाडीने पोलादपूरला चाललाय. गाडी महाडला थांबणार आणि तेवढ्यात तुम्हाला त्याच्याकडून एक निरोप घ्यायचाय. गाडी हायवेला कितीही सुसाट आली, तरी निरोप लगेच मिळतो का? छे! आधीची गाडी फलाटावरून हलली पाहिजे. मग मामाची गाडी फलाटाला लागली पाहिजे. मग गर्दीतून मामा सापडला पाहिजे. म्हणजे गाडीचा वेग वेगळा आणि स्टँडवरचा खोळंबा वेगळा.

कॉम्प्युटरच्या रॅममध्येही अगदी असंच असतं. ‘आमचा कॉम्प्युटर फास्ट करायचाय, रॅमचे टायमिंग कमी करू का?’ हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात घोळत असतो. म्हणून हे टायमिंग म्हणजे काय, ते आधी पाहू.

रॅमच्या पट्टीवर कधी कधी १६-१८-१८-३६ असे चार आकडे छापलेले असतात. रॅममधली माहिती ओळी आणि रकान्यांच्या चौकटीत ठेवलेली असते आणि एका भागातली एका वेळी एकच ओळ उघडता येते. एका फलाटावर एकच गाडी! तिसरा आकडा म्हणजे आधीची गाडी फलाटावरून हलायला लागणारा वेळ. दुसरा म्हणजे नवी गाडी फलाटाला लागायचा वेळ. पहिला म्हणजे गाडी लागल्यावर मामाकडून निरोप हातात पडायचा वेळ. याला सीएल म्हणतात.

आणि चौथा? तो सगळ्यात गमतीचा. रॅममधला प्रत्येक कण विजेच्या चिमूटभर भाराने भरलेला किंवा रिकामा असतो. ओळ वाचली, की तो भार विस्कटतो आणि पुन्हा नीट भरावा लागतो. चहाला उतरलेले प्रवासी परत आपापल्या सीटवर बसावेत, तसंच! तोवर गाडी हलवायची नाही, हे सांगणारा तो चौथा आकडा.

हे आकडे सेकंद नाहीत बरं का, ते घड्याळाचे ठोके आहेत. डीडीआर-४ जातीची ‘३२००’ची रॅम सेकंदाला १६० कोटी ठोके टाकते. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. सीएल १६ असेल तर १६ × ०.६२५ म्हणजे १० नॅनोसेकंद. सीएल २२ असेल तर १३.७५. आता डीडीआर-५ची ‘६०००’ची रॅम घ्या. तिचा सीएल ३० असतो. बाप रे, केवढा मोठा! पण तिचा ठोका एक-तृतीयांश नॅनोसेकंदाचा, म्हणजे वेळ पुन्हा १० नॅनोसेकंदच! नुसता आकडा पाहून फसू नका.

आणि एक नॅनोसेकंद केवढा? तेवढ्यात प्रकाश तुमच्या कंपासपेटीशेजारच्या फूटपट्टीएवढं, ३० सेंटिमीटर अंतर कापतो. तेव्हा टायमिंग कमी करून वाचतात ते असे चार-दोन नॅनोसेकंद. काही गेममध्ये फरक दिसेल, पण निबंध टाइप करताना? मुळीच नाही.

मग कॉम्प्युटर रखडतो कशामुळे? बहुतेक वेळा रॅम अपुरी पडते म्हणून. मग तो माहिती हार्ड डिस्कवर ठेवू लागतो. रॅममधून माहिती आणायला एक मिनिट लागतं असं धरलं, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला दोन महिन्यांहून जास्त लागतील! म्हणून आधी हे पाहा: सुरू होतानाच उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. पंख्यात धूळ साचलीय का बघा. एक मोठी पट्टी आणि दोन लहान यांत निवड असेल तर दोन सारख्या पट्ट्या योग्य जागी बसवा, दोन फलाट मिळतात. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची सेटिंग असते. ती बंद असली, तर तुमची महागडी रॅम कमी वेगाने चालत असते.

आणि एवढं करूनही टायमिंगला हात लावायचाच असेल तर? मोठ्यांना विचारा. शाळेच्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग नाही म्हणजे नाही! जुने आकडे वहीत उतरवा. एका वेळी एकच आकडा, तोही एकाच ठोक्याने बदला. मग मेमटेस्टसारख्या प्रोग्रॅमने रात्रभर तपासा. एक जरी चूक निघाली, तरी मुकाट्याने मागे या.

एवढी खबरदारी कशाला? कंडक्टरने घाईने डबल बेल मारली आणि एक प्रवासी कँटीनमध्येच राहिला, तर गाडी थांबत नाही. ती झोकात पुढे जाते. सीट रिकामी आहे हे कळतं ते थेट पोलादपूरला! रॅमचंही तसंच आहे. कॉम्प्युटर बंद पडला तर बरं, निदान कळतं तरी. पण पुष्कळदा तो मजेत चालतो आणि एखादा फोटो किंवा तुमचा अख्खा प्रोजेक्ट गुपचूप बिघडवून सेव्ह करतो. पंधरा दिवसांनी फाइल उघडत नाही, तेव्हा आपण डोक्याला हात लावतो.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडालं, ते तुमच्या घरी कुणी विसरलं नसेल. अशा पावसाचा अंदाज बांधायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्का’ हे महासंगणक आले. अशा यंत्रांना वेग तर हवाच, पण त्यांच्यात ईसीसी नावाची रॅम वापरतात. दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा, फक्त चूक पकडायला! एक बिट चुकला तर ती स्वतःच दुरुस्त करते. म्हणजे सगळ्यात वेगवान यंत्रंसुद्धा गाडी सोडण्यापूर्वी प्रवासी मोजतात.

तेव्हा दोस्तांनो, आधी मोजणी, मग डबल बेल! आता एक गृहपाठ: घरच्या रॅमचा वेग आणि सीएल शोधा. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा. उत्तर नॅनोसेकंदात येईल. बघा बरं, दहाच्या किती जवळ येतंय ते!