डिमांड नोट भरली; रस्ता कुठे आहे?

शहरातला रस्ता हा सार्वजनिक असतो, असे आपण गृहीत धरतो. तो बांधण्यासाठी पैसा कुठून येतो, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. नगरसेवकाने नारळ फोडला आणि फलक लावला की रस्ता त्याच्या निधीतून झाला असे आपण समजतो. आपल्या लेआउटमध्ये वर्षानुवर्षे रस्ता झाला नाही, तर आपला नगरसेवक कमजोर म्हणून बोटे मोडतो आणि गप्प बसतो. पण एका वस्तीत डांबर आणि शेजारच्या वस्तीत चिखल, हा फरक केवळ नगरसेवकाच्या वजनाचा नसतो. रस्त्याच्या खर्चाचा नियम कोणी आणि कसा ठरवला, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हा नियम चळवळीने समजून घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

जगातल्या अनेक शहरांत एक पद्धत रूढ आहे. गल्लीतला रस्ता, फूटपाथ, गटार किंवा दिवे यांचा खर्च सगळ्या शहराच्या तिजोरीतून न करता त्या गल्लीतल्या मालमत्ताधारकांकडून पूर्ण किंवा अंशतः वसूल करायचा. अमेरिकेत याला स्पेशल असेसमेंट, म्हणजे विशेष आकारणी म्हणतात. तिचे तर्कशास्त्र सोपे आहे. रस्ता झाला की लगतच्या जमिनीचा भाव वाढतो. फायदा मालकाचा, म्हणून खर्चही मालकाचा. नगरपालिका कर्जरोखे काढून काम उरकते आणि मालकांकडून काही वर्षांच्या हप्त्यांनी पैसे घेते. ही रक्कम मालमत्तेवर बोजा म्हणून चढते. थकवली तर घर विक्रीला निघू शकते. पुष्कळ ठिकाणी वाटणीचे माप म्हणजे रस्त्याला लागून असलेली जागेची लांबी. जितके फूट दर्शनी भाग, तितके पैसे.

या तर्कात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. श्रीमंत वसाहतीत गुळगुळीत रस्ता, शोभेचे दिवे आणि फरसबंदी झाल्यावर बंगल्याची किंमत वाढणार असेल, तर त्याचा भार झोपडीत राहून बाजारात प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या मोलकरणीने का उचलावा? सार्वजनिक पैशातून खासगी जमिनीची किंमत वाढत असेल, तर त्या वाढीतला वाटा परत घेणे न्याय्यच आहे. पण हाच नियम पिढ्यान्‌पिढ्या सोयींपासून दूर ठेवलेल्या वस्तीला लावला की तो उलटा फिरतो.

अमेरिकेतील न्यायनिवाड्यांमध्ये हे स्पष्ट दिसते. १८९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे ओहायो राज्यातील नॉरवुड गावाचा खटला आला. गावाने बेकर नावाच्या बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला. भरपाई ठरली २,००० डॉलर. मग गावाने ती भरपाई आणि कारवाईचा खर्च एकत्र करून त्याच बाईंच्या उरलेल्या जमिनीवर आकारणी बसवली. म्हणजे जमीन तिची गेली आणि तिची भरपाईही तिच्याच खिशातून! न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालपत्रात सांगितले, की मिळालेल्या विशेष लाभापेक्षा भरीव प्रमाणात जास्त वसुली करणे म्हणजे भरपाई न देता मालमत्ता काढून घेणे होय. हे तेच हार्लन, ज्यांनी १८९६ साली प्लेसी खटल्यात रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेदाविरुद्ध एकट्याने भिन्न निकाल दिला होता. मात्र तीनच वर्षांत, १९०१ साली, कॅन्सस सिटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दर्शनी लांबीचे माप वैध ठरवले. तेथेही हार्लन अल्पमतात राहिले.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा इतिहास पुढचा आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बोईस यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाशी असलेले आपल्या प्रश्नाचे साम्य सांगितले होते. ते साम्य रस्त्यावरही दिसते. अलाबामा राज्यातील प्रॅटव्हिल गावात काळ्यांच्या वस्तीत कच्चे रस्ते जास्त होते. प्रकरण न्यायालयात गेले. १९७० साली जिल्हा न्यायालयाने म्हटले, की रस्त्यांतील हा फरक मालकांची पैसे भरण्याची ऐपत आणि तयारी यांतून आला आहे, तो वर्णभेद नव्हे. त्याच खटल्यात उद्यानांच्या बाबतीत मात्र भेदभाव झाल्याचे न्यायालयाने मान्य केले. कारण उद्यान नगरपालिकेच्या पैशाचे होते आणि रस्ता मालकाच्या पैशाचा. ज्याला दोनशे वर्षे मजुरी मिळू दिली नाही, जमीन मिळू दिली नाही, त्याला शेवटी सांगायचे की तुझा रस्ता कच्चा आहे, कारण तुझी ऐपत नाही. विषमतेची सारी जबाबदारी अशा रीतीने अन्याय सोसणाऱ्याच्याच खात्यावर चढते.

दुसऱ्याच वर्षी उलट दिशेचा निकाल आला. मिसिसिपी राज्यातील शॉ या गावात सुमारे १,५०० काळे आणि १,००० गोरे राहत होते. कच्च्या रस्त्यांवरील घरांपैकी जवळजवळ ९८ टक्के घरे काळ्यांची होती. मलनिःसारण नसलेल्या घरांपैकी ९७ टक्के घरेही त्यांचीच. गावाने रहदारी, वापर, रुंदी अशी कारणे दिली. फेडरल अपील न्यायालयाने १९७१ साली ती फेटाळली आणि सुधारणेचा आराखडा सादर करायला सांगितले. १९७२ साली त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा निकाल कायम केला. पण १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात ठरवले, की नुसता विषम परिणाम दाखवून भागणार नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागेल. शॉ गावाच्या निकालाची धार तेथे बोथट झाली.

तरीही लढणारे थांबले नाहीत. फ्लोरिडातील अपोप्का या गावात १९३७ सालचा एक नियम होता. काळ्यांनी रेल्वेरुळाच्या दक्षिणेलाच राहायचे. तो १९६८ पर्यंत लागू होता. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे काळ्या वस्तीतील ४२ टक्के रस्ते कच्चे आणि गोऱ्या वस्तीतील ९ टक्के. १९८३ साली अपील न्यायालयाने हा जुना नियम, त्यानंतरचे निर्णय आणि विषमतेचे प्रमाण एकत्र पाहून हेतू सिद्ध झाल्याचे मान्य केले. वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी यातून एक धडा घ्यावा. वस्तीचा इतिहास कागदोपत्री मांडता आला पाहिजे. कोणता लेआउट कधी पडला, शेजारच्या वसाहतीत पाइप कधी आला, आपल्याकडे कधी, याची नोंद हाच पुरावा असतो.

आता मताचा प्रश्न. अशी आकारणी बसवावी की नाही, हे ठरवतो कोण? कॅलिफोर्नियात १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव क्रमांक २१८ नुसार मतपत्रिका मालमत्ताधारकांकडे जाते आणि ज्याच्या वाट्याला जास्त रक्कम, त्याच्या मताला जास्त वजन. मोठ्या मालकाचे मत मोठे, छोट्याचे छोटे. भाड्याने राहणाऱ्याला सहसा मतच नाही, जरी वाढलेले भाडे शेवटी तोच भरतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात एक मत एक मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. येथे तर आर्थिक विषमता थेट मतपेटीतच शिरली आहे!

हे सारे अमेरिकेतले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तर आपल्या कायद्याची पाने उलटावीत. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ सालच्या अधिनियमात खासगी रस्ता समतल करणे, त्यावर खडी टाकणे, निचरा करणे ही कामे मालकांकडून करवून घेण्याचा आणि त्यांनी न केल्यास महापालिकेने करून खर्च वसूल करण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा २००१ सालचा. खासगी जमिनीवर १ जानेवारी २००१ पर्यंत पडलेले अनधिकृत भूखंड शुल्क भरून नियमित करण्याची त्यात तरतूद होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. भूखंडधारकाने प्रशमन शुल्क भरायचे, विकास शुल्क भरायचे आणि हा पैसा स्वतंत्र ठेवून तेथील रस्ते, गटारे, पाणी अशा सोयींवर खर्च व्हायचा. म्हणजे विशेष आकारणीच, फक्त नाव वेगळे.

नागपुरात ५७२ आणि १९०० लेआउट हे शब्द घराघरांत माहीत आहेत. रिक्षा चालवून, गिरणीत राबून, घरकाम करून ज्यांनी हजार-पंधराशे फुटांचा तुकडा घेतला, त्यांत आपले समाजबांधव मोठ्या संख्येने आहेत. अधिकृत वसाहतीत घर घेण्याची ऐपत नव्हती किंवा तेथे आपल्याला कोणी घर देत नव्हते, म्हणून ते तेथे गेले. डिमांड नोट आली, त्यांनी दागिने मोडून भरली, आरएल हाती आले. मालमत्ता करही दरवर्षी भरला. पण पावसाळ्यात आजही काही लेआउटमध्ये शाळेच्या मुलांना चप्पल हातात घेऊन जावे लागते. अमेरिकेतल्या मालकाकडून पैसे घेतले तर निदान रस्ता होतो. येथे पैसे आधी आणि रस्ता वाऱ्यावर.

संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या रस्त्याच्या वापरावर जातीच्या कारणाने कोणालाही बंदी घालता येत नाही. 'अंशतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. मालकांनी वाटा उचलला म्हणून असा रस्ता त्यांचा खासगी होत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा खटला आठवावा. तळ्याभोवती सवर्णांची घरे होती, काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट आणि पायऱ्या त्यांतील अनेकांच्या मालकीच्या होत्या. तरीही १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची त्यांची अनादी रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. काठ त्यांचा असला तरी पाणी त्यांचे झाले नाही. मात्र हा अनुच्छेद झालेल्या रस्त्यावर चालण्याचा हक्क देतो. जो रस्ता कधी झालाच नाही, त्याबद्दल तो काही बोलत नाही. आजचा लढा नेमका या रिकाम्या जागेत आहे.

लोकवर्गणी म्हणजे फसवणूकच, असेही समजू नये. अहमदाबादला १९९५ च्या सुमारास झोपडवस्ती सुधारणेची 'परिवर्तन' योजना सुरू झाली. तेथे प्रत्येक कुटुंबाने २,००० रुपये द्यायचे, तेवढाच वाटा खासगी कंपनीचा, उरलेले महानगरपालिकेचे, असा मूळ हिशेब होता. सेवा बँकेने बायकांची बचत आणि कर्ज यांची व्यवस्था केली. महत्त्वाचे म्हणजे, दहा वर्षे वस्ती उठवणार नाही अशी हमी महानगरपालिकेने दिली. पुढे कंपन्यांचा उत्साह ओसरला आणि भार महानगरपालिकेवर आला, हेही सांगितले पाहिजे. तरी वर्गणीच्या बदल्यात हमी, हे तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा आपली मागणी काय असावी? पहिली, चालण्याजोगा रस्ता, गटार, पाणी आणि दिवा हा मूलभूत हक्क आहे आणि तो शहराच्या सर्वसाधारण निधीतूनच झाला पाहिजे. त्यापलीकडची शोभा आणि त्यातून वाढणारी जमिनीची किंमत यांवर खुशाल आकारणी बसवा, पण ती लाभाच्या प्रमाणात. दुसरी, ज्या लेआउटचे शुल्क घेतले त्याचा जमाखर्च लेआउटनिहाय जाहीर करा. तिसरी, विधवा, वृद्ध, अपंग आणि रोजंदारीवरच्या घरमालकांना वसुली पुढे ढकलण्याची सोय द्या. मिनेसोटा राज्याच्या कायद्यात अडचणीतील वृद्ध आणि अपंग घरमालकांसाठी अशी तरतूद आहे, मग आपल्याकडे का नसावी? चौथी, निर्णयात भाडेकरूसह प्रत्येक रहिवाशाला समान मत हवे. पाचवी, दलित वस्ती सुधारणेचा निधी हा महापालिकेच्या नेहमीच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. तो त्यावर भर घालणारा आहे.

२०२२ पासून राज्यातील अनेक महानगरपालिकांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात विचारणारे सभागृहच नव्हते. म्हणून सुरुवात वस्तीतून व्हावी. प्रत्येक लेआउटमधील पाच शिकलेल्या तरुणांनी एकत्र बसावे. डिमांड नोटांच्या पावत्या गोळा कराव्यात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तीन प्रश्न विचारावेत: आमच्या लेआउटमधून किती शुल्क जमा झाले, त्यातून आमच्या लेआउटवर किती खर्च झाला, आणि उरलेली रक्कम आज कोणत्या खात्यात आहे? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. नाही दिले तर अपील आहे. ते कागद हातात आले, की मोर्चाला आकड्यांचे बळ मिळेल आणि गरज पडल्यास न्यायालयाचे दारही ठोठावता येईल. पावती फाडून फेकू नका, ती जपून ठेवा.