‘हे मात्र तिथे बोलू नकोस’

समुपदेशन केंद्रात काम करताना एक वाक्य मी अनेकींना सांगितलं आहे : ‘हे मात्र पोलीस ठाण्यात बोलू नकोस.’ डोची या अमेरिकन रॅप गायिकेची मिक्सटेप ऐकताना हे वाक्य मला टोचत राहिलं.

मैत्रिणींनो, रॅप म्हणजे तालावर झपाझप म्हटलेली यमकदार कविता. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतून जी हिप-हॉप संस्कृती उभी राहिली, तिचंच हे एक अंग. मिक्सटेप म्हणजे एके काळी हातोहात फिरणारी कॅसेट. आता अल्बमपेक्षा मोकळ्या ढंगाच्या संग्रहाला हे नाव देतात. डोची फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहराची. ‘अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील’ म्हणजे ‘मगरीच्या चाव्याची जखम कधी भरत नाही’, ही तिची १९ गाण्यांची मिक्सटेप ऑगस्ट २०२४ मध्ये आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं. १९९६ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकावर तिच्याआधी दोनच स्त्रियांची नावं लागली होती : १९९७ मध्ये फ्यूजीस या गटासह लॉरिन हिल आणि २०१९ मध्ये कार्डी बी.

आमच्या केंद्रातल्या एका तरुण कार्यकर्तीने मला यातलं ‘डिनायल इज अ रिव्हर’ हे गाणं प्रथम ऐकवलं. ‘डिनायल’ म्हणजे सत्य नाकारणं. त्या शब्दावर नाईल नदीचा श्लेष आहे. गाण्यात दोन आवाज आहेत आणि दोन्ही तिचेच. एक समुपदेशकासारखा प्रश्न विचारतो. दुसरा उत्तर देतो, टाळतो, हसण्यावारी नेतो. जोडीदाराने केलेली फसवणूक, अवचित आलेलं यश, पैसा, नशा, सगळं बाहेर येतं. शेवटी प्रश्नकर्ती तिला श्वासाचा व्यायाम करायला लावते आणि त्या श्वासांचाच ठेका होतो.

तिथे मी आधी हसले, मग वरमले. बाईचं बोलणं आवरत नाही असं दिसलं की आम्हीही तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा मारायचा. मार खाऊन खाऊन तीही रात्री प्यायला लागली होती, आणि एकदा तिने मुलावर हात उचलला होता. मी ते लिहून घेतलं नाही. ‘हे तिथे बोलू नकोस’ म्हटलं. व्यवहार म्हणून माझं चुकलं नव्हतं. दारू पिणाऱ्या बाईची तक्रार कशी घेतली जाते हे आपण सगळ्याच जाणतो. पण त्या दिवसानंतर ती माझ्याशीही त्याबद्दल बोलली नाही. तिने जाणलं की इथेही निर्दोष बाईचीच दाद लागते. तक्रार नोंदली गेली, दारू मात्र तिची एकटीचीच राहिली.

डोची स्वतःला निर्दोष ठरवत नाही, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. दुखावलेली, चिडलेली, स्वतःशी खोटं बोलणारी बाई ती जशीच्या तशी समोर ठेवते. आपल्या चळवळीच्या गाण्यांत ‘आम्ही’ असतो, आणि मोर्चात तो हवाच. पण समुपदेशनाच्या बाकड्यावर बसलेली बाई ‘मी’ म्हणते. आपल्या आज्या-पणज्याही जात्याशी मन मोकळं करायच्या, कारण जातं मधेच सल्ला देत नसे.

या मिक्सटेपमधलं सगळंच मला पटलं असं नाही. बाईलाच लागणाऱ्या शिव्या ती सर्रास वापरते. ‘आम्ही त्या शब्दांतलं विष काढून घेतलं’ हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण ज्या बाईने तसलाच शब्द सकाळी नवऱ्याच्या तोंडून ऐकला, तिच्यासाठी विष तसंच असतं. पैशाची, महागड्या वस्तूंची मिरवणूकही मला खटकते. बंडखोरीही बाजारात विकली जाते, आणि तिच्यामागे मोठी संगीत कंपनी आहे, हे विसरून चालणार नाही. तिची आत्मस्तुती मात्र मला खटकली नाही. काळ्या रंगावरून हिणवल्या जाणाऱ्या मुलींना उद्देशून ती ग्रॅमीच्या व्यासपीठावरून बोलली, तेव्हा त्या बढाईची गरज कळते. गोरेपणाच्या जाहिराती पाहत वाढलेल्या आपल्या मुलींना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शिबिरात हे गाणं ऐकवावं का? माझ्या मते ऐकवावं. अर्थ सांगून, शिव्यांवर वाद घालून. आणि नंतर कार्यकर्त्यांनी एकमेकींना विचारावं की आपल्या नोंदवहीत बाईचं कोणतं वाक्य आपण लिहून घेत नाही. मी आता पहिल्या भेटीत अर्जाचा कागद पुढे ओढत नाही. ठाण्यात काय सांगायचं ते दुसऱ्या भेटीत ठरवतो. पहिली भेट तिच्या बोलण्यासाठी असते, दारूसकट.